आधी बूट, मग हेल्मेट, दोर सगळ्यात शेवटी

आमच्या गिर्यारोहण गटाचं सगळं साहित्य नाशिकला माझ्या घरी असतं. दोर, कमरेला बांधायचे हार्नेस, कॅराबिनर (तोंड उघडता येणारी धातूची कडी), हेल्मेट, दोरावरून उतरायचे डिसेंडर, दोन मोठी पातेली आणि एक जुना स्टोव्ह. माझ्याआधी ते गटातल्या एका काकांकडे होतं. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी साहित्य माझ्याकडे सोपवलं आणि सोबत एक दोनशे पानी वही दिली. वहीत प्रत्येक दोराला स्वतंत्र पान आहे. कधी घेतला, कुठल्या सुळक्यावर नेला, त्यावर कोण पडलं, कुठे घासला, भिजला का. ती वही लिहिता लिहिता साहित्याकडे बघायची माझी नजर तयार झाली, आणि आज जे लिहितेय ते बरंचसं तिच्यातूनच आलेलं आहे.

मे महिना आला की नवीन मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, दहा हजार जमवलेत, काय काय घेऊ?" बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं: एक मोठी सॅक आणि एक तंबू. मी त्यांना वेगळा क्रम सांगते. आधी बूट. मग हेल्मेट. मग डोक्याला लावायची टॉर्च. सॅक त्यानंतर. तंबू सह्याद्रीसाठी शक्यतो नकोच. आणि दोर एकट्याने विकत घ्यायचा नाही, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी.

बुटांपासून सुरुवात करते, कारण तिथेच सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. आपला कातळ बेसॉल्टचा. कोरडा असला तर तो बुटाला छान धरून ठेवतो. घात करतं ते त्याच्यावर पसरलेलं असतं ते: पावसाळ्यात शेवाळ, दिवाळीनंतर वाळलेलं गवत आणि फेब्रुवारीपासून पुढे पायाखालून सरकणारा मुरूम. या तिन्हींवर उपयोगी पडतो तो तळाच्या रबराचा मऊपणा आणि त्यावरच्या खाचांची खोली. दुकानात बूट उलटा करा आणि तळावर नख जोरात दाबा. खूण उमटून हळूहळू भरून येत असेल तर रबर मऊ आहे. नख सरकून जात असेल तर तो बूट ओल्या कातळावर तुम्हालाही असाच सरकवेल, मग किंमत आणि नाव काहीही असो. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट महाराष्ट्रातल्या कितीतरी भटक्यांनी झिजवलेत ते याच कारणाने. दिसायला साधे, किंमत परवडणारी, पण कातळावर पकड विश्वासाची. हरिहरच्या पायऱ्या असोत की साल्हेरची वाट, आमच्यातले अनेक जण अजून तेच घालतात. पायाला चांगले बसत असतील तर महागडे घेण्याची घाई करू नका.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बघा. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उभे राहा, नसेल तर जिन्याच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे टेकला की तो जोड परत ठेवून द्या. कुलंगसारखा गड उतरताना सगळा उतार त्या अंगठ्याच्या नखावर येतो.

वॉटरप्रूफ बुटांबद्दल माझं मत ठाम आहे: सह्याद्रीच्या पावसाळ्यात ते नकोत. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पाणी तळातून येत नाही, ते पायावरून ओघळत वरून बुटात शिरतं. ओढा ओलांडताना तर बूट भरतोच. वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही आणि दिवसभर पाय त्या पाण्यात शिजत राहतो. जाळीचा, पाणी निथळून जाणारा बूट आणि सुक्या मोज्यांचा एक जादा जोड, एवढं आपल्याकडे पुरतं. हिमालयात बर्फावर चालायचं असेल तर गणित वेगळं, तिथे ओला पाय म्हणजे हिमदंशाला आमंत्रण.

रेनकोटाचंही तसंच. महागड्या श्वास घेणाऱ्या कापडाचं काम आतली वाफ बाहेर सोडण्याचं. पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत हरिश्चंद्रगडावर हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते, मग वाफ जाणार कुठे? चढताना घामाने आतून भिजायचंच आहे. त्यामुळे साधा, चांगल्या शिवणीचा, टोपी घट्ट आवळता येणारा रेनकोट पुरे. वाचलेले पैसे पुढे लागणार आहेत.

बुटांचा एक धोका दुकानात कुणी सांगत नाही. आमच्या गटातल्या एका मित्राला त्याच्या भावाने परदेशातून चामड्याचे भारी बूट आणून दिले होते. त्याने ते जपून, पुसून, खोक्यात घालून कपाटात ठेवले. "मोठ्या ट्रेकला काढीन" म्हणत काही वर्षं गेली. अलंग-मदन-कुलंग या तीन गडांचा ट्रेक ठरला तेव्हा ते बाहेर निघाले, नव्यासारखे चकचकीत. दुसऱ्या दिवशी एका बुटाचा अख्खा तळ सुटून वाटेवर पडला आणि तासाभरात दुसऱ्याचाही. मधला थर हातात घेतला तर चुरा होत होता. आम्ही प्रुसिकच्या (मुख्य दोराला पकड घेणाऱ्या गाठीच्या) बारीक दोरीने बूट पायाला बांधले आणि त्याला तसाच खाली उतरवला.

हा दोष कुठल्या एका कंपनीचा नाही. बुटाचा मधला थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, बूट वापरा नाहीतर ठेवून द्या. आपल्या दमट, गरम हवेत हे लवकर होतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा बूट पुष्कळदा गोदामात जुना झालेला असतो. घरी ठेवलेले बूट ट्रेकच्या आधी हाताने वाकवून बघा, टाचेजवळ अंगठ्याने दाबा. चीर दिसली किंवा थर चिकट लागला तर ते बूट घरीच राहू द्या. मधला थर ईव्हीए फोमचा असेल तर तो असा विरघळत नाही, फक्त दबून कडक होतो.

सॅकच्या आत हाच प्रकार घडतो. माळ्यावर ठेवलेली सॅक उघडली की आतून चिकट लागते, आंबूस वास येतो आणि पांढरे पापुद्रे गळतात. ते पाणी अडवणारं पॉलियुरेथेनचं अस्तर असतं. त्याचे पापुद्रे निघाले की सॅक पाणी अडवत नाही, एरवी वापरायला काही हरकत नाही. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालायची आणि सगळं सामान तिच्यात भरायचं. खरं तर नव्या सॅकमध्येही हेच करा. बाहेरच्या कव्हरच्या आत पाठीकडून ओघळलेलं पाणी शिरतंच, आणि कोकणकड्यावरच्या वाऱ्यात ते कव्हर उडून गेलेलंही पाहिलंय. सॅक घेताना आत दहा किलो वजन भरायला लावा. चांगली दुकानं यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवतात. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर बसला पाहिजे, खांद्यावर नुसता आधार. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे शिवलाय ती शिवण उलटून बघा: आडवे-उभे टाके दोनतीनदा घेतलेले असावेत. दोन दिवसांच्या ट्रेकला पन्नास लिटर पुष्कळ. त्याहून मोठी घेतली की ती भरली जातेच.

तंबू का नको म्हणते? आपल्या बहुतेक गडांवर गुहा किंवा देऊळ आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, धोडप, साल्हेर, सगळीकडे डोक्यावर छप्पर मिळतं. तंबूचं अडीच-तीन किलो वजन पाण्याला द्या. एप्रिलमध्ये टाकी आटलेली असली तर त्या तीन लिटरची किंमत कळेल. हिवाळ्यात स्लीपिंग बॅग मात्र हवी. तिच्यावर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं 'कम्फर्ट' हेच धरा. 'लिमिट' किंवा 'एक्स्ट्रीम'चा आकडा बघून घेतलेल्या बॅगेत रात्रभर कुडकुडत बसावं लागतं.

आता जीव टांगायच्या वस्तू. इथे मी अजिबात तडजोड करत नाही.

हेल्मेट. आपला कातळ थराथराचा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, तो भुसभुशीत होतो आणि वरचे दगड सुटतात. वर माकडं असली तर त्यांच्या पायांनीही दगड येतात. नळीच्या वाटेने किंवा कुठल्याही घळीतून चढताना डोक्यावर हेल्मेट हवंच, दोर लावलेला असो वा नसो. पण ते बांधकामावरचं पिवळं हेल्मेट नको. कारखान्यातल्या हेल्मेटची हनुवटीची पट्टी मुद्दाम कमी ताणाला सुटेल अशी केलेली असते. युरोपीय मानक ईएन ३९७ प्रमाणे ती १५० ते २५० न्यूटनला सुटली पाहिजे, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर कामगाराच्या गळ्याला फास बसत नाही. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मानकात नेमकं उलटं: पट्टीने किमान ५०० न्यूटन सोसले पाहिजेत, कारण पडणाऱ्याच्या डोक्यावरून हेल्मेट निघून जाता कामा नये. दिसायला दोन्ही सारखीच, पण आतल्या बाजूला छापलेला आकडा वाचला की कळतं.

दोराचं तर मी नवीन मुलांना तास घेऊन सांगते. डायनॅमिक आणि स्टॅटिक हे दोन वेगळे प्राणी आहेत. लीड क्लाइंबर (सगळ्यांच्या पुढे चढणारा) बिलेच्या, म्हणजे त्याचा दोर धरणाऱ्याच्या जागेच्या, वर दोन मीटर चढला आणि मध्ये काहीच अडकवलेलं नसताना पडला तर तो चार मीटर पडतो आणि त्याला थांबवायला दोर असतो फक्त दोन मीटर. पडलेलं अंतर भागिले दोराची लांबी, हा फॉल फॅक्टर दोन, सगळ्यात वाईट. डायनॅमिक दोर ताणला जातो आणि तो झटका पिऊन टाकतो. ईएन ८९२ मानकाच्या चाचणीत सिंगल (एकेरी वापरायच्या) दोरावर ८० किलोचं वजन सुमारे १.७७ फॉल फॅक्टरने पाडतात. पहिल्या पडण्यात झटका १२ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार) आत राहायला हवा आणि दोराने असे किमान पाच फॉल सोसले पाहिजेत. स्टॅटिक दोर, मानक ईएन १८९१, जवळजवळ ताणतच नाही. रॅपलिंगला (दोरावरून उतरायला), जुमारिंगला (दोरावरून वर चढायला), सामान ओढायला तो उत्तम. त्याच्यावर लीड करणं म्हणजे पडल्यावर सगळा झटका कमरेच्या हाडांवर आणि अँकरवर, म्हणजे दोर जिथे बांधलाय त्या आधारावर, घेणं. पाकिटावर 'आठ फॉल' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तुम्ही आठदा पडू शकता असा नाही. तो प्रयोगशाळेतल्या नव्या, कोरड्या दोराचा आकडा आहे. भिजलेला नायलॉनचा दोर बराच कमी फॉल सोसतो, आणि कातळाच्या धारेवर घासलेल्या दोराला तर तो आकडा लागूच नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर काही ठिकाणी अजूनही लोकांना खाली उतरवायला वापरतात. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हात ठिसूळ होतो आणि १६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. डिसेंडर भरभर सरकवत उतरलं की धातू किती तापतो हे ज्याने हात लावून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पैसे भरून रॅपलिंगला जात असाल तर दोर बघायला मागा. तो किती वर्षांचा आहे ते विचारा. अँकर किती ठिकाणी बांधलाय ते बघा, एकाच झाडाला किंवा कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टला असेल तर उतरू नका. विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाच्या दोरावर तर मुळीच नाही. चांगला लीडर असे प्रश्न ऐकून खूश होतो.

स्लिंग (आधाराला अडकवायची कापडी पट्टी) घेताना पातळ, पांढरट डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या मोहात पडायच्या आधी एक ध्यानात घ्या. डायनीमा वजनाला हलका आणि खूप मजबूत, पण १४५ अंशांच्या आसपासच वितळतो. नायलॉन दोनशेच्या पुढे. म्हणून रॅपलिंगला बॅकअप म्हणून प्रुसिक बांधायची ती नायलॉनच्या सहा मिलिमीटर दोरीचीच. डायनीमा गुळगुळीत असल्याने त्यात मारलेली गाठ सरकते, शिवाय तो ताणत नाही. अँकरला डायनीमाच्या स्लिंगने स्वतःला बांधून अँकरच्या वर चढलात आणि तिथून पडलात तर झटका थेट बसतो.

कॅराबिनरच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने बहुधा २२ किंवा २४ किलोन्यूटन, आडव्या दिशेने सात-आठ, आणि तोंड उघडं असताना सात-आठ. पहिला आकडा वाचून सगळे निर्धास्त होतात. धोका बाकीच्या दोन आकड्यांचा आहे: कॅराबिनर आडवा फिरला किंवा कातळाला टेकून तोंड उघडं राहिलं की ताकद एक तृतीयांशावर येते. म्हणून बिलेला आणि अँकरला स्क्रूगेट (तोंड आट्यांनी बंद होणारा कॅराबिनर), आणि लावल्यावर बोटाने दाबून खात्री. ज्या कॅराबिनरवर आकडेच नाहीत, किंवा नुसती पुसट 'सीई' ही युरोपीय खूण छापलीय आणि मानकाचा क्रमांक नाही, तो चाव्या अडकवायला ठेवा. नकली मालही येतो. पेट्झल या फ्रेंच कंपनीने २०११ मध्ये स्वतःच जाहीर इशारा दिला होता की त्यांच्या साधनांच्या हुबेहूब नकला बाजारात आल्या आहेत, ठसे आणि क्रमांकांसकट. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.

जुन्या साहित्याबद्दल माझा नियम सोपा आहे. जुनी सॅक, जुना स्टोव्ह, जुनी स्लीपिंग बॅग बिनधास्त घ्या. जुना दोर, जुना हार्नेस, जुनं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. देणारा कितीही सज्जन असला तरी तो दोर त्याच्या घरात कुठे पडून होता हे त्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टर असतो आणि पुष्कळदा माळ्याखाली किंवा गॅलरीत, जिथे अडगळीचं सामान असतं तिथेच. बॅटरीतलं आम्ल, त्याचा थेंब, नायलॉनचं वाटोळं करतं, आणि दोरावर डागही धड दिसत नाही. म्हणून माझ्या घरी दोरांचं कपाट बॅटरीपासून दूर, दुसऱ्या खोलीत, आणि लोखंडी दारांचं आहे, कारण उंदीर. धुवायचा तर साध्या पाण्यात आणि वाळवायचा सावलीत. ऊन दोराला म्हातारं करतं. एक फॉल न घेतलेला दोरही वयाने बाद होतो. पेट्झल आपल्या कापडी आणि प्लॅस्टिकच्या साधनांचं आयुष्य उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षं सांगते, आम्ही दोराला तेवढीही मुभा देत नाही.

एवढं सगळं नीट घेतलं तरी साखळीतला एक दुवा तुमच्या हातात नसतो, तो म्हणजे सुळक्यावरचा बोल्ट. आपल्या कातळातल्या भेगा बऱ्याच ठिकाणी उथळ किंवा भुसभुशीत, त्यामुळे भेगेत अडकवायचे फ्रेंड आणि नट हवे तसे बसत नाहीत, आणि सह्याद्रीतल्या सुळक्यांवर बोल्टांचा आधार घ्यावा लागतो. त्यातले कित्येक अनेक पावसाळे खाल्लेले आहेत. बाहेरून दिसणारा गंज तितकासा महत्त्वाचा नाही, खरी झीज कातळाच्या आत, जिथे पाणी साचतं तिथे होते. लिंगाण्यावर किंवा वानरलिंगीवर जायचं असेल तर अलीकडे तिथे कोण जाऊन आलंय ते शोधा आणि बोल्टांची हालत विचारा. कुठल्याही एका जुन्या बोल्टवर सगळं वजन टाकू नका, दोन वेगळे आधार जोडून घ्या. स्टेनलेस स्टीलचे नवे बोल्ट बसवायचं काम काही अनुभवी मंडळी करताहेत. त्यांना वर्गणी द्या, ती तुमच्या पुढच्या सॅकपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मे अखेरीच्या एका रविवारी आम्ही सगळे दोर बाहेर काढतो. गच्चीच्या सावलीत सतरंजी अंथरतो आणि प्रत्येक दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवतो. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. कुठे मऊ, पोकळ लागलं की तिथे दोर वाकवून बघायचा: गोल वळण येत असेल तर ठीक, कागदासारखी सपाट घडी पडली तर आतला गाभा गेलाय. वरचं आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसले, एखादी जागा कडक झालेली, चमकणारी, वितळलेली लागली, तरी तो दोर बाद. वहीत त्याच्या पानावर तारीख टाकून रेघ मारायची आणि त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, गरम सुरीने त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करायचे. अख्खा ठेवला तर कधीतरी कुणीतरी तो बॅगेत भरून नेतं. तुकडे नवीन मुलांना वाटतो, गाठींच्या सरावाला.

नाशिकमध्ये असाल आणि स्वतःच्या हाताने बघायचं असेल तर त्या रविवारी या. सोबत तुमचा स्वतःचा हार्नेस किंवा बूट असतील तर तेही आणा, एकत्र तपासू. येताना हाताला क्रीम किंवा तेल लावलेलं नको.